सोमवार माझा चुकला, एक दिवस आधी पाठवणं चुकलं नाही

सर, काकू, नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, म्हणून आज सकाळी दुकान उघडून, चहा घेऊन मग बसलोय. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लातूरचं हे जोडपं माझ्या ट्रॅव्हल एजन्सीतून मुंबईहून क्रूझवर गेलं. त्यांचं म्हणणं, मी त्यांना सोमवारी एलिफंटाला पाठवलं आणि लेणी बंद होती. हॉटेलचं कमिशन खाण्यासाठी एक दिवस आधी नेलं. जहाजाच्या दिवशी टॅक्सीवाल्यानं भलत्याच धक्क्यावर उतरवलं. आणि काकूंचा धपाट्यांचा डबा जहाजावर जाऊ दिला नाही. शेवटी लिहिलंय, "समुद्र दाखवतो म्हणाले आणि दगडी बिल्डिंगा दाखवल्या."

एलिफंटाचं शंभर टक्के माझं चुकलं. तुमचं आधीचं बुकिंग शुक्रवारच्या जहाजाचं होतं, मुंबईचा दिवस गुरुवार. नातवाचं बारसं मध्ये आलं म्हणून मंगळवारचं जहाज घेतलं. मी कागदावरच्या तारखा बदलल्या, वार पाहिलाच नाही. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. एलिफंटाही सोमवारीच बंद असतं हे ठाऊक असून तुम्हाला गेटवेवर उभं केलं. तिथून तुमचा फोन आला तेव्हा मला तोंड दाखवायला जागा नव्हती. खरोसा, वेरूळ पाहिलेल्या माणसाला एका तासाच्या बोटीनंतर डोंगराच्या पोटातली ती वीस फुटांची त्रिमूर्ती दिसायला हवी होती. ती हुकली. त्या दिवसाच्या गाडीचे 1,800 रुपये तुमच्या खात्यात जमा केलेत, बघून घ्या.

पण एक दिवस आधी नेण्याबद्दल मी माघार घेणार नाही. लातूरची गाडी रात्री निघते, सकाळी सीएसएमटीला लागते. जहाज त्याच दिवशी संध्याकाळी. हिशोब सरळ वाटतो, मलाही वाटायचा. काही वर्षांपूर्वी उदगीरच्या एका कुटुंबाला मी असंच त्याच दिवशीच्या गाडीनं पाठवलं. कर्जतच्या वर घाटात पुढची मालगाडी बंद पडली आणि ह्यांची गाडी तासन् तास उभी. ते धावतपळत धक्क्यावर पोचले तेव्हा जहाज समोर उभं होतं, दिवेही लागलेले, पण चेक-इन बंद झालेलं. जहाज एसटी नाही की कंडक्टरला हात दाखवला आणि थांबली. जहाज बाहेर काढणारा बंदराचा पायलट चढायची वेळ ठरलेली असते, ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या असतात, आणि प्रवाशांची यादी एकदा बंद झाली की संपलं. पोरं जाळीतून जहाजाकडे बघत होती म्हणे. पैसेही परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसातून कुणीही त्याच सकाळच्या गाडीनं जहाजावर जात नाही. मग त्याला कमिशन म्हणा नाहीतर काही म्हणा. (हॉटेलकडून मला मिळतं ते मिळतं, लपवत नाही. पण त्या एका रात्रीत माझा बंगला होत नाही.)

गंमत अशी की इंग्रजांच्या काळी ही अडचण नव्हती. विलायतेच्या बोटीतून उतरणाऱ्यांसाठी पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटायची. बोट आणि गाडी एकमेकींची वाट बघायच्या. आता आपली वाट बघायला कुणी नाही, आपणच आधी जाऊन बसायचं.

टॅक्सीचा घोळ अर्धा माझा. मी कागदावर "मुंबई बंदर, क्रूझ टर्मिनल" एवढंच लिहिलं होतं. तुम्ही टॅक्सीवाल्याला "जहाज पकडायचंय" म्हणालात आणि त्यानं भाऊच्या धक्क्याला नेलं. त्याचं तरी काय चुकलं? तिथूनही मांडव्याची रो-रो सुटते, गाड्यांसकट माणसं जातात. गेटवेवरून सुटतात त्या एलिफंटा-मांडव्याच्या लाँच. क्रूझ मात्र बॅलार्ड पिअरची. गावाकडच्या माणसाला तिन्ही "बोटीचीच जागा". आता माझ्या कागदावर ठळक अक्षरात छापलंय: बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट. सीएसएमटीवरून मोकळ्या हातानं चालत जाण्याइतकं जवळ, फक्त तुमच्या बॅगा मोठ्या होत्या.

आता दगडी बिल्डिंगा. सर, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात, म्हणून हे वाक्य मला जरा लागलं. फोनवर मी सांगितलं त्याप्रमाणे तुम्ही गेटवेवरून चालत वस्तुसंग्रहालयात गेलात, ते सोमवारीही उघडं असतं. तिथं तीन तास होतात असं तुम्हीच रात्री मेसेज केला होता. रिव्ह्यूत ते आलं नाही, असो. आणि गेटवेच्या ज्या कमानीखाली काकूंचा फोटो काढलात, तिथूनच 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बाहेर पडली. मुंबई मोकळी झाली तेव्हा आपलं लातूर कुठं होतं? निजामाच्या राज्यात. आपल्याला अजून साडेसहा महिने काढायचे होते. माझे आजोबा तेव्हा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. मी प्रत्येक ग्रुपला त्या कमानीपाशी हे सांगतो, तुम्हाला सांगायला मी नव्हतो. वाटलं, सरांना काय सांगायचं.

समुद्राचं म्हणाल तर तो कमी पडला हे मान्य. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते गाव आपलं. आपल्या माणसाला पाण्यासमोर नुसतं बसायचं असतं, बाकी काही नको. ते मला कळायला हवं होतं. पुढच्यांना संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोन तास मोकळे ठेवलेत. तिथं काही कार्यक्रम नाही, गाइड नाही.

धपाट्यांचं. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही, हे नियमांच्या कागदात होतं, पण तो कागद इंग्रजी, चार पानी, बारीक अक्षरातला. मी तोंडी सांगायला हवं होतं. वरून स्टेशनच्या क्लोकरूमनंही ती पिशवी ठेवून घेतली नाही, कारण कुलूप नसलेलं सामान ते घेत नाहीत, आणि कापडी पिशवीला कुलूप कुठून लावणार? काकूंनी ती हॉटेलच्या काउंटरवर सोडली आणि जहाजावर चार दिवस त्याचीच हळहळ केली, हे तुमच्या रिव्ह्यूच्या सूरावरून कळतंय. एलिफंटापेक्षा तेच जास्त लागलंय, असा माझा अंदाज.

तर काकू, गेल्या आठवड्यात आमचा मुलगा एक ग्रुप घेऊन त्याच हॉटेलात होता. धपाटे अर्थातच गेले, शेंगदाण्याची चटणी मात्र अजून चांगली आहे. तुमचं नाव कोरलेला स्टीलचा डबा घासून, पुसून ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवलाय. कधीही या. रविवारी आम्ही बंद असतो. सोमवारी उघडं.