चिमट्यातून उडालेली मशीनगन

पीटी-109, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची टॉर्पेडो बोट. 2 ऑगस्ट 1943 च्या काळोखात जपानी विनाशिका आमागिरीने धडक देऊन जिचे दोन तुकडे केले, तीच. खरी 80 फुटी. माझी म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून बनवायची मॉडेल-बोट, खरीच्या 1/72 मापाची, जेमतेम 34 सेंटिमीटर. हिची वाट लावायला विनाशिका लागत नाही, माझा चिमटा पुरतो.

दरवेळी हेच! बोटीचं धूड दोन संध्याकाळींत जुळतं. मग येते ती जोड मशीनगन. नळी म्हणजे शेवईचा तुकडा. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जिला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून कापली, चिमट्यात धरली, श्वास रोखला आणि... टिक्! गेली. अर्धा तास मोबाईलचा टॉर्च घेऊन फरशीवर रांगतेय. सापडलं काय? मागच्या जहाजाचा नांगर. आई दारातून विचारते, "कानातलं हरवलं का गं?"

त्यात हा पावसाळा. मॅट वार्निशचा शेवटचा हात मारला, तर दमट हवेने डेकवर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा थर. तो हिरवा रंग मिसळायला मला तीन दिवस लागले होते हो!

गन आज सकाळी मिळाली. केरसुणीत. वाकडी.