विरोधी बाकावरचा आमदार कामाचा नसतो?

निवडणूक जवळ आली की नांदेड-परभणीकडच्या पारावर आणि मोबाइलवर एकच शहाणपण फिरतं. आमदार सत्तेतलाच निवडावा, विरोधातल्याला निधी मिळत नाही, तो सभागृहात नुसता ओरडतो आणि मागे काही ठेवत नाही. यंदा त्याला उदाहरण जोडलंय भाई केशवराव धोंडगे यांचं. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे पाच वेळा आमदार, जन्मभर विरोधात. काय मिळालं त्यांच्या तालुक्याला, असा सवाल आहे. मी मन्याड खोऱ्यातला, म्हणजे कंधारकडचाच आहे. हा सवाल वाचून मला राग आला, म्हणून उत्तर लिहितोय.

पहिलं, निधीचं. आमदाराचा स्थानिक विकास निधी पक्ष बघून ठरत नाही. आज तो वर्षाला 5 कोटी आहे, सत्ताधाऱ्याला तेवढाच आणि विरोधकालाही तेवढाच. हां, जिल्हा नियोजन समितीचा पैसा पालकमंत्र्याच्या हातून वाटला जातो आणि तिथे विरोधकाचं ताट रिकामं राहतं, हे खरं आहे. पण हा दोष वाटणाऱ्याचा आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच नालायक ठरवायचं, ही कुठली रीत?

दुसरा आरोप, मागे काही ठेवलं नाही. इथे मला थोडं सविस्तर बोलावं लागेल. निजामाच्या राज्यात आमच्या भागात शिक्षण म्हणजे शहरातल्या, ऐपतवाल्या घरांची गोष्ट होती, तीही उर्दूतून. 17 सप्टेंबर 1948ला मराठवाडा मुक्त झाला. मुक्तिलढ्यातून आलेल्या केशवरावांनी त्याच साली कंधारात श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी काढली. नावातला ‘मोफत’ हा शब्द नीट वाचा. तेव्हा ते आमदार नव्हते, हातात सत्ता नव्हती, निधी नव्हता. विधानसभेत ते गेले 1957 साली. पुढे शाळांच्या जोडीला कॉलेज आलं, कंधारसारख्या आडवळणाच्या गावात कायद्याचं कॉलेजसुद्धा आलं. आमच्याकडे ज्या घरात पहिला मॅट्रिक झाला, पहिला मास्तर किंवा पहिला वकील झाला, त्या घरात विचारा तो कुठे शिकला. पुढे त्यांनी लोह्याजवळ गुराखीगडावर गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. ज्याच्या हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी, त्याच्या गाण्यांना, कहाण्यांना व्यासपीठ असावं, हे सुचायला मंत्रिपद लागत नाही. निधीच्या तक्त्यात यातलं काहीच दिसणार नाही, हे मात्र कबूल.

तिसरं, सभागृहातल्या ओरडण्याचं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा ही विरोधी आमदाराची अवजारं आहेत. प्रश्न लागला की सचिवालयातून जिल्ह्याला पत्र जातं, कलेक्टर कचेरीत फाइल हलते, तहसीलदाराला माहिती द्यावी लागते आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. या ‘ओरडण्या’तून काय उभं राहतं याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे रोजगार हमी. कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते सत्ताधारी काँग्रेसचे होते. त्यांचं श्रेय त्यांनाच. पण 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची मजुरी, त्यांचे मोर्चे, आणि ही योजना मर्जीची न राहता कायद्याने हक्काची व्हावी ही मागणी शेकापने, समाजवाद्यांनी, कम्युनिस्टांनी लावून धरली. कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. ज्या मराठवाड्यात दर दोन-चार वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे मागेल त्याला काम हा हक्क कुठल्याही पुलापेक्षा किंवा सभामंडपापेक्षा लहान नाही.

असे लोक सहानुभूतीवर निवडून येतात, असंही म्हणतात. मग 1977 आठवा. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, नांदेडचेच. तरी नांदेडने लोकसभेत पाठवलं आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या केशवरावांना. घरचा मुख्यमंत्री असताना लोकांनी समजून-उमजून विरोधक निवडला.

आणि शेवटचा, सगळ्यांना पटतो तो मुद्दा, की सत्तेबरोबर राहिलं की विकास आपोआप येतो. 1960 ते 1978 राज्यात सलग काँग्रेसची सत्ता होती. 1972ला तर 270पैकी 222 आमदार त्यांचे. शंकररावांनी जायकवाडी धरणासाठी जिवाचं रान केलं, ते मी नाकारणार नाही. गोदाकाठचा शेतकरी ते विसरणार नाही. पण 1984 साली राज्यातला कुठला भाग किती मागे राहिला याचा हिशेब दांडेकर समितीने मांडला, तेव्हा एकट्या मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, 750 कोटी 85 लाख रुपये निघाला. इतकी वर्षं इथले बहुतेक आमदार सत्तेच्याच बाकावर बसत होते. त्यांच्यापैकी किती जणांनी उठून या अनुशेषाबद्दल सरकारला विचारलं? विधानसभेच्या कार्यवृत्तात प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट सगळं छापलेलं असतं. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ते खंड उघडावेत आणि कंधारच्या आमदाराचं नाव किती वेळा येतं तेही मोजावं.