काका, कुत्र्याला चातुर्मास नको, पण कांदाही नको

कांदेनवमीच्या आधी मी इथे एक छोटी पोस्ट टाकली होती. भजी, थालीपीठ, झुणका मनसोक्त खा, फक्त टेबलाखाली आशाळभूतपणे बसलेल्या कुत्र्याला त्यातलं काही देऊ नका, कांदा त्याच्या रक्ताला बाधतो, एवढंच तिच्यात होतं. त्यावर लालबागच्या एका काकांनी भलीमोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चाळीत त्यांच्याकडे कायम एक ना एक कुत्रा असायचा आणि घरचंच कालवण-भाकरी खाऊन तो म्हातारा व्हायचा. कांदा शिजला की त्यात बाधण्यासारखं काय उरतं? गोचीड होऊ नयेत म्हणून लसूण तर लोक मुद्दाम देतात. हे सगळं परदेशी खूळ आहे, 'आता कुत्र्यांनाही चातुर्मास पाळायला लावणार का?' आणि जाता जाता हेही सांगितलंय की त्यांच्या आताच्या कुत्र्याने, राजाने, परवाच अर्धी प्लेट पावभाजी चाटूनपुसून फस्त केली आणि तो ठणठणीत आहे.

चातुर्मासाच्या वाक्याला मी मनापासून हसले. बाकीच्याचं उत्तर जरा लांबणार आहे, म्हणून ते इथे.

काका, तुमच्या चाळीतल्या कुत्र्यांना काही झालं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते का झालं नाही, तेवढंच बघू. कांदा कुत्र्याला बाधतो तो वजनाच्या हिशेबाने. पशुवैद्यकात साधारण असं धरतात की कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो, आणि किलोमागे 15 ते 30 ग्रॅम गेला तर आजार चांगलाच उघडा पडतो. आता गावठी कुत्रा 20 किलोचा धरा. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 100 ग्रॅम, बाजारातला एक मध्यम कांदा. तो त्याने एका बैठकीत एकट्याने खायला हवा. तुमच्याकडे एका कांद्यात सहा माणसांचं कालवण व्हायचं, त्यातला उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला मिळायचा. चमचाभर कांदा गेला असेल नसेल. तो कुत्रा मर्यादेच्या जवळपासही फिरकत नव्हता.

हाच रस्सा आजच्या फ्लॅटमधल्या पाच किलोच्या शीत्झूपुढे ठेवा. त्याची मर्यादा 25 ग्रॅमवर येते. चार-पाच खेकडा भजींत तेवढा कांदा सहज मावतो, आणि घरात पाहुणे असले की प्रत्येक जण 'एकच दे गं, बघ कसा बघतोय' म्हणत एकेक पुढे करतो. एकाने किती दिल्या हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. शिवाय थोडा थोडा कांदा रोज पोटात जात राहिला तरी त्रास साठत जातो. एकदम जास्त खाल्ला तरच बाधतो असं नाही.

आता 'ठणठणीत' या तुमच्या दाव्याबद्दल. कांद्यातली गंधकाची संयुगं चावल्यावर, चिरल्यावर मोकळी होतात आणि पोटातून रक्तात जातात. तिथे ती तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला खराब करतात. खराब झालेल्या हिमोग्लोबिनचे गोळे पेशीच्या कडेला चिकटून बसतात. स्लाइडवर खास रंग टाकला की ते दिसतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. अशा पेशी मग फुटतात किंवा प्लीहा त्यांना बाहेर काढते. माणसाच्या तांबड्या पेशी हा मारा सोसतात, कुत्र्याच्या तितक्या सोसत नाहीत, मांजराच्या तर त्याहून कमी. यातली मेख अशी की हे सगळं व्हायला वेळ लागतो. आज कांदा खाल्ला की आज फार तर उलटी किंवा जुलाब. रक्त कमी झाल्याची लक्षणं दिसायला बरेचदा तीन-चार दिवस जातात. तोवर भजीचा विषय घरात सगळे विसरलेले असतात. बिघाड सौम्य असेल तर कुत्रा चार दिवस जरा जास्त झोपतो, जिना चढायला कंटाळतो, तेवढ्यात नव्या पेशी तयार होतात आणि तो परत नेहमीसारखा होतो. आपण म्हणतो, उन्हाने मलूल झाला होता.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक पांढरा स्पिट्झ होता, ज्याला आपण सगळे पामेरियन म्हणतो तसा. त्यांच्याकडे बारशाच्या जेवणानंतर बिर्याणीचं पातेलं ओट्याखाली राहिलं आणि तळाशी तळलेला कांदा होता तेवढा त्याने रात्रीत संपवला. दुसऱ्या दिवशी उड्या मारत होता. चौथ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी त्याने लघवी केली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला तर हिरडी गुलाबी असायला हवी ती जवळजवळ पांढरी. डॉक्टरांना आधी वाटलं गोचीडताप, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मुंबईत बबेसिया आणि एर्लिकिया हे दोन्ही गोचिडांमुळे होणारे आजार इतके पसरलेत की पांढऱ्या हिरड्या आणि गडद लघवी म्हटलं की पहिला संशय तिकडेच जातो. बबेसियासुद्धा तांबड्या पेशीच फोडतो. घरच्यांना बिर्याणी आठवली, म्हणून स्लाइड त्या नजरेने तपासली गेली. तो वाचला, रक्त चढवावं लागलं नाही. पण पूर्वी चाळीत, गावाकडे असा एखादा कुत्रा मलूल होऊन गेला असेल, तर तो कशाने गेला हे कोणी कशाला शोधायला जाईल? 'काहीतरी खाल्लं असेल बाहेर' एवढंच.

'शिजवल्यावर काय उरतं' याचं उत्तर त्या पातेल्यातच आहे. शिजवून, तळून, वाळवून कांद्याचा हा गुण जात नाही. उलट तळलेल्या कांद्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे मूठभर बिरिस्त्यात दोन-तीन कांदे बसतात. कांद्याची पावडर त्याहून वाईट, आणि ती झटपट नूडल्सच्या मसाल्यात, सुपाच्या पाकिटात, चिप्सवर, कुठेही असते. आपला कांदा-लसूण मसाला तर विचारायलाच नको. कांद्याची पातही त्याच कुळातली, चायनीजच्या गाडीवरचा उरलेला राइस देताना ती आठवा.

लसणाबाबत मात्र मी थोडी तुमच्या बाजूने बोलते. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात काही कुत्र्यांना किलोमागे 5 ग्रॅम लसणाचा अर्क सात दिवस रोज पाजून बघितला होता, 2000 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तांबड्या पेशींना इजा झालेली स्पष्ट दिसली, पण रक्त कमी पडून एकही कुत्रा आजारी पडला नाही. आता 5 ग्रॅम किलोमागे म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला रोज 50 ग्रॅम लसूण, अख्ख्या गड्ड्याहून जास्त. त्यामुळे वरणाला दिलेल्या फोडणीतली एखादी पाकळी चुकून गेली म्हणून कोणी रात्री अकराला रिक्षा शोधत धावू नये. पण पेशींना इजा होते हे दिसत असताना ती मुद्दाम, रोज, औषध म्हणून का द्यायची? आणि गोचीड त्याने जातात असं म्हणावं तर रोज लसूण खाणारे कुत्रे मी गोचिडांनी भरलेले पाहिलेत. पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलेले मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी, दोन्हीपैकी एक घ्या. अकिता, शिबा अशा जपानी जातींचे कुत्रे हल्ली मुंबईतही दिसतात, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी जन्मतःच कांदा-लसणाला जास्त हळव्या असतात. त्यांच्या बाबतीत तर ही सूट मुळीच नको.

'परदेशी खूळ' म्हणालात. परदेशात शोधलं हे खरं, पण खूळ नवं नाही. कुत्र्यांना कांदा खाऊ घातल्यावर रक्त कमी होतं, हे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या सेब्रेल यांनी 1930 मध्ये छापलंय. तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि शीत्झूही कोणी पाळत नव्हतं मुंबईत. आपल्याकडचंच उदाहरण हवं तर नाशिककडे बघा. कांद्याचा भाव पडला की वैतागून शेतकरी उभ्या पिकात मेंढरं सोडतात. मेंढीला तो बऱ्यापैकी पचतो. गाईने तोच कांदा ढिगाने खाल्ला तर तिचं रक्त कुत्र्यासारखंच फुटतं. एकाच शेतातला कांदा, जनावर बदललं की हिशेब बदलतो. आपल्याला पचतो म्हणून कुत्र्यालाही पचेल, हे मला तरी पटत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक मुद्दा असा होता की 'मग गल्लीतल्या कुत्र्यांना लोकांनी उरलंसुरलं घालायचंच नाही का?' हा खरा अडचणीचा प्रश्न. रोज पंधरा कुत्र्यांसाठी वेगळं शिजवणं सगळ्यांना परवडत नाही हे मला कळतं. माझा उपाय साधा आहे. फोडणी घालण्याआधी त्यांचा भात, डाळ, चिकनचे तुकडे बाजूला काढायचे. वाटण, मीठ, तिखट सगळं नंतर. हॉटेलातून उरलेली ग्रेव्ही गोळा करून आणता, तर ती तेवढी आणू नका, नुसता भात आणि पोळ्या आणा. घरच्या कुत्र्याला भाजी द्यायचीच हौस असेल तर उकडलेला लाल भोपळा, गाजर, फरसबी, सोललेली काकडी, यांत काही वावगं नाही. दुधीही चालेल, पण आधी स्वतः कच्चा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर तुम्हीही खाऊ नका. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे... तो विषय वेगळा, पण तेही नको. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

आता राजा. पावभाजीत बटाटा, टोमॅटो, वाटाणा जास्त, कांदा त्यामानाने कमी. वर भुरभुरलेला आणि बाजूला ठेवलेला कच्चा कांदा त्याने खाल्ला का, हे आठवून बघा. तो अंगापिंडाने मोठा असेल तर बहुधा काही होणार नाही. उलटी करवायची वेळ केव्हाच टळून गेली, ती खाल्ल्यापासून साधारण दोन तासांत आणि डॉक्टरांकडेच करायची असते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने शरीरात मीठ चढून कुत्रे दगावतात. पाच-सहा दिवस सकाळी उजेडात त्याचा ओठ उचलून हिरडी बघा आणि फिरायला नेल्यावर लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. बसल्या जागी धापा टाकतोय, खायला तोंड फिरवतोय, हिरडी फिकी वाटतेय, यातलं काहीही दिसलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुमच्या दारात आहे. त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं, तिथे असे कुत्रे आजवर किती आले असतील. रक्ताची पूर्ण तपासणी आणि स्लाइड दोन्ही करायला सांगा. आणि गेल्या गेल्या 'परवा पावभाजी खाल्ली' हे आधी सांगा, लाजून लपवू नका, नाहीतर तेही गोचीडतापाच्याच मागे लागतील.

पुढच्या वेळी गाडीवाल्याला 'एक जैन' सांगून त्याला कांदा-लसूण नसलेली भाजी द्यायचा विचार करत असाल, तर तीही नको, त्यात बटर आणि तिखट काय कमी असतं का! राजाचं वजन किती ते कळवा, त्याच्यापुरता कांद्याचा आकडा काढून देते.