गुण कमी आले म्हणून निश्चिंत?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलेला मेसेज तुमच्याकडेही पोचला असेल. त्याचा सारांश असा: शास्त्रज्ञांनी मनाच्या वेदनेची मोजपट्टी शोधली आहे. तेरा वाक्यं, पाच मिनिटं. घरातल्या उदास माणसाकडून भरून घ्या. गुण जास्त आले तर आत्महत्येचा धोका, कमी आले तर निश्चिंत राहा. मात्र विषय थेट काढू नका, नसलेला विचार डोक्यात शिरतो.

मोजपट्टी खरी आहे, हे आधी कबूल करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ साली असह्य मनोवेदनेला 'सायकेक' हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं होतं की आत्महत्येच्या मुळाशी ही वेदना असते. नैराश्य, अपमान, नुकसान या गोष्टी तिच्यामार्फत जीवघेण्या ठरतात. त्यावरून कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड होल्डन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये तेरा वाक्यांची प्रश्नावली केली. प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी १३, जास्तीत जास्त ६५. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांचे गुण इतरांपेक्षा जास्त येतात, हेही त्यांनी दाखवलं.

पण ती माणसं प्रयत्न करून बसलेली होती. मागे वळून फरक दिसणं वेगळं आणि उद्या कोण काय करेल ते सांगणं वेगळं. मेसेजने ही उडी गुपचूप मारली आहे. शिवाय वेदना सोसण्याची मर्यादा माणसागणिक निराळी असते, हे खुद्द श्नाइडमन सांगत. मग सगळ्या घरांना एकच आकडा कसा लावणार?

आधी सांगता येतं का, हे लोकांनी करून पाहिलंय. मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅलेक्स पोकॉर्नी यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ४,८०० मनोरुग्णांचा पुढची चार ते सहा वर्षं मागोवा घेतला. एकच प्रश्नावली नव्हे, बऱ्याच चाचण्या आणि नोंदी हाताशी होत्या. निष्कर्ष १९८३ मध्ये छापून आले. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली. या माहितीवरून 'धोक्यातले' म्हणून ८०३ जण निवडले, तर त्यांत या ६७ पैकी ३० सापडले. म्हणजे ७७३ जणांच्या नावावर फुकटचा शिक्का, आणि उरलेले ३७ जण? ते 'निश्चिंत राहा'च्या यादीत होते. माझा राग आहे तो हे ३७ जण निसटले यावर. पहिली चूक झाली तर एखाद्याची जास्त काळजी घेतली जाईल, फार काय होईल? दुसऱ्या चुकीत घरचे लोक दार लोटून झोपायला जातात.

त्यानंतर पद्धती सुधारल्या असतील, असं वाटेल. २०१७ मध्ये पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले. भाकीत नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेमच बरं निघालं. इंग्लंडमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने तर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की पुढच्या आत्महत्येचं भाकीत करण्यासाठी अशा पट्ट्या वापरू नका.

आणखी एक गोष्ट. कागदावर माणूस खरं लिहितोच असं नाही, त्यातून कागद आईने किंवा नवऱ्याने पुढे केलेला असेल तर नाहीच. आपल्याकडे 'मला मनोवेदना होतात' असं बोलतं तरी कोण? 'जीव नकोसा झालाय', 'कशातच मन लागत नाही', नाहीतर नुसतंच 'डोकं जड झालंय'. इंग्रजी वाक्यांच्या शब्दशः मराठीकरणात हे कुठे बसणार?

'विषय थेट काढू नका' हे मेसेजचं शेवटचं वाक्य मात्र सरळसरळ उलटं आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पहिल्या पाहणीत आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर प्रश्न विचारलेल्यांमध्ये असे विचार वाढलेले नव्हते. नैराश्य असलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं हलकंच वाटलं होतं.

तेव्हा विचारा. 'वेडंवाकडं काही मनात नाही ना?' असं नको. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच घालून देतो. 'जीव द्यावा असं वाटतं का तुला?' इतकं उघड. मग गप्प बसा, त्याला वेळ लागेल. 'हो' आलं तर उपदेश नको, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या सरकारच्या टेलि-मानस क्रमांकावर दोघांनी मिळून फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. 'नाही' आलं तरी आठ दिवसांनी पुन्हा विचारायला हरकत नाही.