नगरसेवक आमचा, अधिकार कोणाचा?

"हे आमच्या हद्दीत येत नाही," हे मुंबई महापालिकेचे उत्तर ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन एमएमआरडीए या राज्याच्या महानगर विकास प्राधिकरणाकडे, झोपडपट्टीचा पुनर्विकास एसआरए या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, रुळांलगतची जमीन रेल्वेची, बंदराची जमीन केंद्राच्या प्राधिकरणाची. मग आम्ही ज्याला मत देतो, त्या नगरसेवकाच्या हाती उरते तरी काय? तुंबलेल्या गटाराचे झाकण कोणी उचलायचे, यावरही पत्रव्यवहार!

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून अग्निशमनापर्यंत १८ विषय लिहिले, पण त्यांतले कोणते अधिकार द्यायचे हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले. आणि हातची सत्ता आपणहून कोणते सरकार सोडते? १८८८ चा महापालिका कायदा आजही कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे ठेवतो, आयुक्तांना नेमते राज्य सरकार, आणि मुंबईच्या महापौरांच्या वाट्याला येते ते मुख्यतः सभेचे अध्यक्षपद.

सर्वांत संताप येतो तो निवडणुकीचा. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रभागरचना व आरक्षणाच्या वादात मतदान जानेवारी २०२६ पर्यंत रखडले. तोवर आयुक्त तेच प्रशासक, हजारो कोटींचा अर्थसंकल्प मांडणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच! ना स्थायी समिती, ना सभागृह. जाब विचारायचा तरी कोणी आणि कोणाला?