यादीतून नाव कमी होताना

चोपडा तालुक्यात माझ्या मामेभावाची टिश्यू कल्चर केळीच्या रोपांची नर्सरी आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीतून आलेले रोप तो थेट शेतकऱ्याच्या हाती देत नाही. आधी पॉलिहाऊसमध्ये फॉगरच्या धुक्यात, मग पिशवीत घालून शेडनेटखाली, आणि शेवटी पाणी थोडे तोडून, सकाळ-संध्याकाळ नेट बाजूला सारून त्याला ऊन सोसायची सवय लावली जाते. यालाच हार्डनिंग म्हणतात. एका वर्षी एप्रिलअखेर एका शेतकऱ्याने घाई केली. पाच पाने आली आहेत, उंचीही फूटभर आहे, मग थांबायचे कशाला, असे म्हणून त्याने हार्डनिंग पुरे होण्याआधीच गाडी भरून नेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाने कागदासारखी वाजू लागली आणि पुढे निम्म्या बागेत नांग्या भराव्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावी लागली. पाने आणि उंची यांच्या हिशेबात ती रोपे नापास नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीबद्दल वाचतो तेव्हा मला ही बाग आठवते, कारण यादीतल्या देशांना मिळणाऱ्या सवलतींची सावली बाहेर पडल्यावर निघून जाते. १९७१ साली २५ देशांपासून सुरू झालेल्या या यादीत आज ४४ देश आहेत, आणि अर्धशतकाहून अधिक काळात तिच्यातून बाहेर पडलेले देश अवघे आठ. बोट्स्वाना १९९४ मध्ये सर्वांत आधी बाहेर पडला, आपला शेजारी भूतान डिसेंबर २०२३ मध्ये. दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षणाची स्थिती आणि आर्थिक व पर्यावरणीय धक्क्यांपुढची असुरक्षितता अशा तीन कसोट्या असून, दर तीन वर्षांनी होणाऱ्या आढाव्यात सलग दोनदा त्यांपैकी दोन पार केल्या की देश बाहेर पडण्यास पात्र ठरतो. २०२४ च्या आढाव्यात उत्पन्नाची मर्यादा १,३०६ डॉलर होती. म्हणजे असुरक्षिततेच्या कसोटीत नापास झालेला देशही उरलेल्या दोन्हींच्या बळावर बाहेर पडू शकतो, आणि मला खटकते ते नेमके हेच. उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी पट असेल तर ती एकच कसोटीही पुरते; विषुववृत्तीय गिनी २०१७ मध्ये अशाच केवळ तेलाच्या उत्पन्नावर बाहेर पडला. नेपाळची शिफारस झाली ती उत्पन्नाची कसोटी पार न करता, इतर दोहोंच्या आधारे.

मालदीवची हकीकत तर कोणीही विसरू नये अशी आहे. २० डिसेंबर २००४ रोजी आमसभेने मालदीवला यादीतून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच दिवशी बाहेर पडणाऱ्या देशांचे संक्रमण सुरळीत कसे व्हावे याबद्दलचा ठरावही केला. सहा दिवसांनी त्सुनामी आली. देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्क्यांइतके नुकसान काही तासांत झाले. मग बाहेर पडणे पुढे ढकलले गेले आणि ते प्रत्यक्षात आले जानेवारी २०११ मध्ये. सामोआचेही २००९ च्या त्सुनामीमुळे आणि वानुआतूचे २०१५ च्या पाम चक्रीवादळामुळे तसेच झाले. एकाच्या बाबतीत दुर्दैव म्हणता येईल. तीन देशांच्या बाबतीत मात्र मोजण्याच्या पद्धतीतच काहीतरी राहून गेले आहे, असे म्हणावे लागते.

एवढ्या दूरच्या गोष्टी खान्देशात बसून कशाला, असे विचारणारे मित्र आहेत. त्यांनी दिवाळीनंतर एखाद्या जिनिंगच्या आवारात तासभर उभे राहावे. कापसाचा भाव उतरला की सांगितल्या जाणाऱ्या कारणांत बांगलादेशची मागणी हमखास असते, कारण भारतीय कापूस आणि सूत यांचा तो मोठा ग्राहक आहे. बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा, आणि त्या कपड्यांना युरोपात शुल्क लागत नाही ते यादीत असल्यामुळे. नेपाळ आणि लाओससोबत बांगलादेशने बाहेर पडावे यासाठी आमसभेने २०२१ मध्ये २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली होती. कोविडमुळे तयारीसाठी नेहमीच्या तीनऐवजी पाच वर्षे दिली गेली. युरोपीय संघ त्यानंतरही तीन वर्षे सवलत चालू ठेवतो. ती संपली आणि दुसरी सवलत मिळाली नाही, तर बहुतेक कपड्यांवर सुमारे १२ टक्के शुल्क बसेल. शिवाय आज बाहेरून आणलेले कापड नुसते शिवले तरी चालते. पुढच्या पायरीची सवलत हवी असेल तर कापडही तिथेच विणलेले लागते. (यातून तिथल्या गिरण्या वाढल्या तर आपल्या गाठींना मागणी वाढेलही, पण त्या आशेवर कोणी पेरा वाढवू नये.) औषधांचेही तसेच. यादीतल्या देशांना औषधांच्या पेटंटमधून २०३३ पर्यंत सूट आहे. ज्या दिवशी देश बाहेर पडेल, त्या दिवशी त्याच्यापुरती ती सूट संपण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची झळ शेवटी गोळी विकत घेणाऱ्या रोग्याला लागते.

मदत जन्मभर चालू ठेवावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. शेडनेटमध्ये वर्षभर ठेवलेले रोप पिशवीतच मुळे गुंडाळून बसते, आणि सवलतीच्या सावलीत राहून इतर उद्योग उभारायचे टाळणारे देशही आहेतच. पण सवलत काढण्याची रीत तारखेवर नव्हे, तर तयारीवर ठरली पाहिजे. आमच्याकडे शेतावर येणाऱ्या एका मावशींच्या मुलाला पुण्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि कागदावर उत्पन्न वाढताच त्यांचे पिवळे रेशनकार्ड केशरी झाले. पुढच्या पावसाळ्यात ती नोकरी सुटली. कार्ड पुन्हा पिवळे करून घेण्यासाठी मात्र त्यांना दोन वर्षे एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. "कार्ड बदलनं, घर काय बदलनं, भाऊ?" असे त्या म्हणाल्या होत्या. यादीतून नाव काढताना जी तत्परता असते ती नाव परत घेताना नसते, आणि देशांच्या बाबतीत तर एकदा बाहेर पडलेल्या देशाचे परत येणे आजवर घडलेलेच नाही.

म्हणूनच मला वाटते की असुरक्षिततेची कसोटी ऐच्छिक नसावी, आणि मोठा धक्का बसला तर सवलतीची मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी दरवेळी हात जोडावे लागू नयेत. हे अशक्य नाही. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर जानेवारी २००४ मध्ये सह्या झाल्या, तेव्हा मालदीव यादीतून बाहेर पडला तरी त्याला अल्पविकसित देशाचीच वागणूक मिळेल, असे कलम आपण शेजाऱ्यांनी मिळून त्यात घातले होते. त्सुनामी तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. भारत २००८ पासून अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश देत आला आहे. ढाक्याशी सध्या संबंध कसे आहेत, याचा विचार क्षणभर बाजूला ठेवून तेच कलम बांगलादेश आणि नेपाळसाठीही लिहावे, अशी मागणी कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत करायला हवी. निवडणुकीच्या सभेत कापसाच्या भावावर बोलणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.