तीन टिंबांची गोष्ट

काम सोपं होतं. बॉयलरच्या तापमानाची नोंद ठेवणारा जावा भाषेतला प्रोग्रॅम सी भाषेत आणायचा, कारण नव्या चिमुकल्या लिनक्स बोर्डावर जावाला जागा नव्हती. लॉग लिहिणारं फंक्शन येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. त्याच्या कंसात तीन टिंबं, म्हणजे 'इथे कितीही गोष्टी द्या' अशी मुभा. आमचे मॅनेजर मागून डोकावले आणि म्हणाले, "सीमध्येपण तीनच टिंबं असतात ना? मग टाक की कॉपी-पेस्ट!"

टिंबं तीनच, हे खरं. पण 2004 सालच्या जावा 5 पासून त्या टिंबांमागे गुपचूप एक ॲरे, म्हणजे दिलेल्या गोष्टींची यादी, तयार होतो. किती आले ते लेंग्थला विचारा, कोण आले ते इन्स्टन्सऑफला विचारा. सीला असलं काही विचारायची सोय नाही. सी म्हणजे डोळे मिटून पंगत वाढणारा वाढपी. पानं किती ते सांगितलं नाहीत, तर मांडवाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या लोकांनाही भात वाढत सुटेल, आणि वर एका शब्दाने कळवणार नाही.

म्हणून आधी आकडा सांगा, किंवा सीच्या छापणाऱ्या प्रिंटएफसारखी फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे काय काय येणार ते सांगणारा साचा, द्या, नाहीतर शेवटी नल, म्हणजे 'यादी संपली'ची खूण, लावा. त्या नललाही पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचा, कास्ट (प्रकाराचा शिक्का) चढवावा लागतो. काही ठिकाणी नल म्हणजे नुसता शून्य असतो, आणि 64-बिट मशीनवर तो शून्य पॉइंटरपेक्षा आखूड भरतो.

फॉरमॅट स्ट्रिंगचं तर विचारूच नका. जावात परसेंट-एसला, म्हणजे साच्यातल्या 'इथे मजकूर' या खुणेला, काहीही चालतं, आकडा दिला तरी गोड मानून छापतं. सी त्याच आकड्याला पत्ता समजून तिकडे चालू लागतो. तापमान 180 असेल तर 180 नंबरच्या पत्त्यावर! तिथे सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या पत्त्यावर गेल्याची शिक्षा, स्वागताला उभाच असतो.

पण माझा खरा जीव जडला तो जीसीसीवर, म्हणजे सीच्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरवर. तीन टिंबांतून जाताना फ्लोटचा (दशांश आकड्याचा) डबल (त्याचाच मोठा भाऊ) होतो, हा सीचा जुना रिवाज. जावाशी इमान राखून टिंबांतली पुढची गोष्ट काढून देणाऱ्या व्हीए_आर्गकडे फ्लोट मागितला, तर जीसीसी समजावतो की बाबा, डबल माग, ही ओळ चालली तर प्रोग्रॅम तिथेच कोसळेल. आणि नुसतं सांगून थांबत नाही, कोसळण्याची व्यवस्थाही स्वतःच करून ठेवतो. एरर मात्र देत नाही! बिल्ड यशस्वी.

आलेली टिंबं पुढच्या फंक्शनला तशीच देता येत नाहीत, हे आणखी एक. त्यासाठी व्हीए_लिस्ट, म्हणजे टिंबांतल्या गोष्टींची यादी, घेणारी दुसरी आवृत्ती लिहायची. तीच यादी दोनदा वाचायची तर आधी व्हीए_कॉपीने तिची नक्कल. जावात हे सगळं एका ओळीत उरकलं होतं.

शेवटी लॉगच्या फंक्शनला फॉरमॅट तपासणारं ॲट्रिब्यूट लावलं आणि स्क्रीनभर वॉर्निंग आल्या. बऱ्याचशा शेजारच्या टेबलावरच्या कोडमधल्या निघाल्या. त्या सगळ्या त्या शेजाऱ्याला मेल केल्या आणि डबा उघडला.